गृहव्यवहार : वॉरंटीच्या काळात मोटार कोठे दाखवावी?

एके काळी मोटार डॉक्टर, वकील किंवा कारखानदार यांच्याच दारात दिसे. आज ती शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि लहान दुकानदाराच्याही अंगणात उभी असते. पुष्कळ घरांत ती कर्ज काढून घेतलेली असते आणि राहत्या घराच्या खालोखाल तीच कुटुंबातील सर्वांत महाग वस्तू ठरते. म्हणून गाडी घरी आल्यावर थोड्याच महिन्यांत एक प्रश्न उभा राहतो. कंपनीची वॉरंटी चालू असेपर्यंत नेहमीचे सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करावे, की ओळखीच्या गॅरेजात केले तरी चालेल?

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आपल्या कानी येतात. विक्रेत्याचा माणूस सांगतो, “बाहेर कोणाला हात लावू दिलात, की वॉरंटी गेलीच म्हणून समजा.” शेजारचे गृहस्थ सांगतात, “कंपनीत गेलात तर खिसा रिकामा करूनच परत याल.” एकाचे ऐकावे तर खर्चाची धास्ती, दुसऱ्याचे ऐकावे तर इंजिनाची. तेव्हा दोघांनाही क्षणभर बाजूला ठेवून मूळ व्यवहार काय आहे ते पाहू.

वॉरंटी आणि सर्व्हिसिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीच्या घडणीत किंवा एखाद्या भागात मुळातच दोष निघाला, तर तो आपण स्वखर्चाने दूर करू, असे वचन कंपनी ठराविक वर्षे आणि ठराविक किलोमीटर यांपुरते देते. यांपैकी जी मर्यादा आधी पूर्ण होईल, तेथे वचन संपते. वापराने झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे ब्रेकचे पॅड, वायपरची रबरे, क्लचप्लेट आणि निरनिराळे फिल्टर, या वचनात सहसा येत नाहीत. टायर व बॅटरी यांची वॉरंटी बहुधा त्यांच्या स्वतःच्या उत्पादकांकडे असते. उलट, वेळच्या वेळी ऑइल व फिल्टर बदलणे, ब्रेक तपासणे आणि द्रवांची पातळी पाहणे हे सर्व्हिसिंग होय. ते आपले कर्तव्य आहे. आपण ते पार पाडले तर कंपनी आपले वचन पाळील, असा हा परस्परांचा करार आहे.

आता प्रश्न असा, की हे कर्तव्य कंपनीच्याच दारी पार पाडले पाहिजे, अशी अट तिला घालता येते काय? आपल्या देशात याचा विचार झालेला आहे. एका नागरिकाने २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. मोटारींचे अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रसामग्री बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही, असे तिचे सार होते. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निर्णय दिला आणि चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. स्वतंत्र गॅरेजात काम केले एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करता येऊ नये, असा दंडक त्या निर्णयात आहे. बाहेरच्या सदोष कामामुळे खरोखर नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी, असा त्याचा आशय. पुढे कंपन्यांनी अपिले केली आणि प्रकरण वरच्या न्यायासनांपुढे गेले. तरीही ‘बाहेर हात लागला की सर्व काही गेले’ ही भाषा न्याय्य नाही, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

तथापि हक्क असणे आणि तो वेळेवर पदरात पडणे यांत अंतर असते. समजा, तिसऱ्या वर्षी इंजिनाने दगा दिला आणि आपले मागचे सर्व्हिसिंग बाहेर झालेले आहे. कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारील तो ऑइलचा. कोणत्या प्रतीचे घातले, केव्हा घातले, पुरावा काय? आजच्या पुष्कळ इंजिनांना अगदी पातळ व विशिष्ट मानाचे ऑइल लागते, आणि ते कोणते हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. गॅरेजातील पिंपातून मापाने काढून घातलेल्या ऑइलची प्रत पुढे दोन वर्षांनी कशी सिद्ध करणार? वाद चालेल तितके दिवस गाडी उभी राहील आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबणार नाहीत. न्याय आपल्या बाजूचा असला तरी वेळ आपल्या बाजूची नसते.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत पुस्तिकेत नेमून दिलेले सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत केंद्रातच करावे. सुरुवातीच्या काही खेपांना तेथे मजुरी बहुधा आकारली जात नाही, फक्त ऑइल, फिल्टर इत्यादींचे पैसे पडतात. त्यामुळे पहिल्या वर्षात बाहेर जाऊन वाचणारी रक्कम फारशी मोठी नसते. मुदतही काटेकोर पाळावी. गाडी कमी फिरते म्हणून पुष्कळजण सर्व्हिसिंग पुढे ढकलतात. पण किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी भरेल ते धरावयाचे असते. दाराशी उभ्या असलेल्या गाडीतही ऑइल जुने होतच असते.

मात्र अधिकृत केंद्र म्हणजे ज्याने गाडी विकली तेच दुकान, असे मुळीच नाही. त्या कंपनीचे कोणतेही अधिकृत केंद्र चालते. या मासिकाच्या ज्या वाचककुटुंबांची बदली इंदूरहून हैदराबादला किंवा बडोद्याहून दिल्लीला होते, त्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. एकाच शहरात दोन-तीन केंद्रे असतील तर चार लोकांना विचारून निवड करावी. काम चालू असताना गाडी पाहू देतात काय, काढलेला जुना भाग मागितल्यास दाखवतात काय, बिलाचा अंदाज आधी लेखी देतात काय, या तीन गोष्टींवरून केंद्राची पारख होते.

अधिकृत केंद्रात जावे याचा अर्थ तेथे पुढे केलेल्या प्रत्येक कामाला मान डोलवावी असा नव्हे. शेजाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य असते ते येथे. इंजिन आतून धुणे, एअरकंडिशनरचे जंतुनाशक फवारे, रंगावरची झिलई, तळाला लावायचा लेप अशी कामे पुष्कळदा यादीत जोडली जातात. त्यांतील काही उपयोगाची असतीलही, पण पुस्तिकेतील वेळापत्रकात नसलेले काम नाकारल्याने वॉरंटीला धक्का लागत नाही. गाडी स्वाधीन करताना जॉबकार्ड नीट वाचावे. किलोमीटरचा आकडा, आपली तक्रार आपल्याच शब्दांत आणि खर्चाचा अंदाज एवढे त्यावर असल्याशिवाय सही करू नये. ‘याहून अधिक काम विचारल्यावाचून करू नये’ असे एक वाक्य तेथेच लिहवून घ्यावे. या वाक्याने पुढची बरीच वादावादी टळते.

मग ओळखीच्या मिस्त्रीकडे जावयाचे तरी केव्हा? पुष्कळ कामांसाठी. पंक्चर, टायरांची अदलाबदल, वायपर, दिव्याचा बल्ब, धुलाई ही कामे त्याच्याकडे निःशंक द्यावीत. ती तो लवकर व स्वस्तात करतो, आणि आडरस्त्याला गाडी बंद पडली म्हणजे धावून येणाराही बहुधा तोच असतो. त्याच्याशी असलेला संबंध तोडण्यात शहाणपण नाही, कारण वॉरंटी संपल्यावर गाडीची पुढची बरीच वर्षे त्याच्याच हाती जाण्याचा संभव अधिक. एक पथ्य मात्र पाळावे. जादा दिवे, मोठा हॉर्न किंवा निराळी संगीतयंत्रणा बसवण्यासाठी गाडीची मूळ वायर कोणालाही कापू देऊ नये. वॉरंटी नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते ते अशा जोडकामातून. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मुख्य बॅटरीला व तिच्या वायरींना तर प्रशिक्षित माणसावाचून कोणाचा स्पर्शही नको. तेथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे.

काही वाचक लहान गावी राहतात आणि जवळचे अधिकृत केंद्र शंभर-दीडशे किलोमीटरांवर असते. त्यांना दर खेपेस तेथवर जाणे परवडेलच असे नाही. त्यांनी प्रथम केंद्राला विचारावे, कारण काही कंपन्या फिरती सेवा-गाडीही पाठवतात. तेही नसेल आणि बाहेर काम करावेच लागले, तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइल बंद डब्यातून घ्यावे, अस्सल फिल्टर पावतीसह आणावा, आणि गॅरेजच्या छापील बिलावर तारीख, गाडीचा क्रमांक, किलोमीटर व वापरलेल्या मालाचे नाव लिहवून घ्यावे. ‘विस्तारित वॉरंटी’ घेतली असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात. त्यांत सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करण्याची अट पुष्कळदा असते.

एवढे करूनही कंपनीने वॉरंटी नाकारली तर तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. नकार आणि त्याचे कारण लेखी मागावे. बाहेरच्या कोणत्या कामामुळे कोणता भाग बिघडला, हे त्यांना नेमके सांगावयास लावावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तीही मराठीतून. तेवढ्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण जेथे राहतो किंवा नोकरी करतो, त्याच ठिकाणी दावा करण्याची सोय या कायद्याने केली आहे. त्यामुळे बदलीच्या गावी असलेल्या कुटुंबाला जुन्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे, हे विसरू नये.

या सर्वांचे मूळ शेवटी कागदात आहे. घरात विम्याचे कागद, मुलांचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या आपण जपून ठेवतोच. त्याच कपाटात गाडीसाठी एक साधी फाइल करावी. तीत सर्व्हिसिंगचे प्रत्येक बिल, प्रत्येक जॉबकार्ड आणि वॉरंटीची पुस्तिका तारखेच्या क्रमाने लावावी, आणि पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख वर पेन्सिलीने लिहून ठेवावी. हे काम घरातल्या एखाद्या मोठ्या मुलामुलीकडे सोपवले तर अधिकच उत्तम. पुढेमागे गाडी विकण्याची वेळ आली, तर घेणाराही त्या फाइलीकडे पाहूनच किंमत ठरवील.