पाठीतले पाणी आणि सरकारी रुग्णालय

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. योग्य उपचार वेळेवर व पूर्ण मिळाले तर यांतील बहुसंख्य मुले आज बरी होतात. परंतु ‘योग्य उपचार’ या दोन शब्दांत काय काय येते, याचा विचार आरोग्याच्या योजना आखणारांनी पुरेसा केलेला दिसत नाही.

१९६०च्या सुमारास औषधांनी रक्तातील रोग हटू लागला होता. मूल हिंडूफिरू लागे आणि काही महिन्यांनी डोकेदुखी, उलट्या, एकाची दोन दिसणे अशा तक्रारी घेऊन परत येई. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी नैसर्गिक तटबंदी आहे, ती बहुतेक औषधांना ओलांडता येत नव्हती. मेंदूच्या आवरणांत शिरलेल्या रोगपेशी तिच्याआड सुरक्षित राहत. अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६७ साली मेंदूवर किरणोपचार आणि कण्यातून मिथोट्रेक्सेट अशी जोड दिली, तेव्हा सुमारे निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. पुढे किरणांचे दुष्परिणाम बुद्धीवर व वाढीवर होतात हे कळले, आणि आता बहुतेक मुलांना कण्यातून औषध देऊनच हे काम साधले जाते. ते किती वेळा द्यावयाचे, हे ठरविताना मज्जासंस्थेतील रोगाचे निदान निर्णायक असते.

हे निदान नुसते रक्त तपासून होत नाही. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढावे लागते. एका मायक्रोलिटरमध्ये पाच किंवा अधिक पांढऱ्या पेशी असून त्यांत रोगपेशी दिसल्या, तर मज्जासंस्थेत रोग पोचला असे मानतात. काम सराईत हातांचे आहे. सुईबरोबर रक्त मिसळले तर निदान गोंधळतेच. शिवाय रक्तातील रोगपेशी आत नेल्या जाण्याचा धोका असतो. आणि बाहेर काढलेल्या पाण्यातील पेशी तास-दोन तासांतच नष्ट होऊ लागतात.

या शेवटच्या गोष्टीत सारा सामाजिक प्रश्न आहे. गडचिरोलीत काढलेले पाणी तसेच मुंबईला पाठवून चालत नाही. म्हणून मुलालाच जावे लागते. बापाची मजुरी बुडते, घरची शेळी विकली जाते, परळच्या पदपथावर बिऱ्हाड थाटावे लागते. कित्येक जण अर्ध्यावरच उपचार सोडतात. पाठीतले पाणी काढले की मूल लुळे पडते, ही भीतीही खेड्यांत आहे. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्याही खाली सुई घालतात, हे आईबापांना शांतपणे सांगायला कोणी नसेल, तर त्यांना अडाणी ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तज्ज्ञच कमी आहेत, तेव्हा केंद्रीकरण अटळ आहे, असे यावर सांगितले जाते. पण मागणी प्रत्येक तालुक्याला कर्करोग रुग्णालय द्या अशी नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे विभाग आजही आहेत. तेथे पेशी काचपट्टीवर आणणारे सायटोस्पिन यंत्र, तरबेज तंत्रज्ञ आणि सुई घालण्याचा सराव असलेला बालरोगतज्ज्ञ हवा. एकदा काचपट्टी तयार झाली की ती दुसऱ्या मतासाठी टाटा रुग्णालयाकडे पाठविता येते. अधिक सूक्ष्म अशी फ्लो सायटोमेट्री मोठ्या केंद्रांत राहू द्या. पहिला तास मात्र मुलाच्या जवळच्या रुग्णालयातच सांभाळला गेला पाहिजे.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. ती स्वागतार्ह आहे. परंतु सलाईनची बाटली टांगण्यापुरतीच ही केंद्रे उरली आणि निदानाची सोय मुंबईतच राहिली, तर गरिबाच्या मुलाचा रोग तटबंदीआड तसाच लपून राहील. म्हणून केंद्राच्या उद्घाटनाची फीत कापणाऱ्या मंत्र्याला जनतेने एवढेच विचारावे: पाठीतले पाणी येथे कोण तपासणार?