वॉशिंग्टनचे निर्णय आणि हिंजवडीचे पाणी

हिंजवडीच्या चौकात चहाच्या टपरीपाशी पाच मिनिटे उभे राहिले, तरी अमेरिकेच्या राजकारणावर चार मते कानी पडतात. यात नवल असे काही नाही. येथील कित्येक घरांची चूल अमेरिकेतील कामावर पेटते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रंप यांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातही अन्य कोणताच विषय नव्हता. ज्यांची भावंडे परदेशी आहेत ते चिंतेत होते आणि ज्यांना जायचे होते ते खिन्न होते.

परंतु त्याच वर्षी त्याच वॉशिंग्टनमध्ये आणखी काही निर्णय झाले. त्यांची चर्चा टपरीवर झाली नाही आणि वर्गातही झाली नाही. ते निर्णय सार्वजनिक आरोग्याचे होते. व्हिसाचा प्रश्न काही हजार तरुणांचा आहे. आरोग्याचा प्रश्न मात्र टपरीवर कपबशा विसळणाऱ्या पोरापर्यंत सर्वांचा आहे. तो आपल्याला परका वाटावा, याचेच वैषम्य वाटते.

काय घडले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. अधिकारावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ रोजी, ट्रंप यांनी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली आणि वर्षभराची मुदत संपताच, २२ जानेवारी २०२६ रोजी, अमेरिका त्या संघटनेतून बाहेर पडली. १९४८ साली सदस्यत्व स्वीकारताना अमेरिकेने बाहेर पडण्याचा हक्क राखून ठेवला होता हे खरे. पण त्यासोबत देणी चुकती करण्याची अटही होती, आणि ती पाळली गेली नाही. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांच्या काळात स्थापन झालेली यूएसएड ही मदतसंस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. त्याच घराण्यातील रॉबर्ट केनेडी (कनिष्ठ) हे आरोग्यमंत्री झाले आणि जून २०२५ मध्ये त्यांनी लसीकरणविषयक सल्लागार समितीचे सतराही सदस्य एका दमात काढून टाकले. त्याच महिन्यात, गरीब देशांतील मुलांना लसी पुरविणाऱ्या गावी या संस्थेची मदत थांबविण्याचीही त्यांनी घोषणा केली. दरम्यान टेक्सास राज्यात गोवराची साथ पसरली होती. ज्या देशाने २००० साली गोवराचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले होते, त्या देशात २०२५ या एका वर्षात दोन हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि तिघांचा मृत्यू झाला. त्यांत लस न घेतलेली दोन मुले होती.

आपल्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा आरोग्यावर खर्च करणाऱ्या, जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राची ही कथा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबून विचार करावाच लागतो.

रोगावरील उपचार ही बाजारात विकत मिळणारी गोष्ट आहे. पैसे मोजणाऱ्याला ती मिळते आणि तिचा लाभही त्यालाच होतो. रोगाचा प्रतिबंध ही मात्र वेगळ्या जातीची वस्तू आहे. माझ्या मुलाने गोवराची लस घेतली, तर शेजारच्या तान्ह्या बाळाचेही रक्षण होते. आणि शंभरातील पंचाण्णव मुलांनी ती घेतली, तर साथीला वाटच उरत नाही. अशा वस्तूची किंमत बाजार ठरवू शकत नाही, कारण तिचा लाभ घेणाऱ्या प्रत्येकाकडून दाम वसूल करण्याची सोयच नसते. म्हणून तिचा भार शासनाने, म्हणजे पर्यायाने आपण सर्वांनी, उचलायचा असतो. यात आणखी एक गोम आहे. प्रतिबंधाचे यश डोळ्यांना दिसत नाही. न झालेल्या रोगाची बातमी होत नाही, न भरलेल्या रुग्णालयाचे छायाचित्र कोणी छापत नाही. पटकीने ओस पडलेली गावे ज्यांनी पाहिली, त्यांना लसीचे मोल सांगावे लागले नाही. त्यांच्या नातवंडांना मात्र लसच संशयास्पद वाटू लागते. हे व्यवस्थेच्या यशातूनच उपजलेले विस्मरण आहे, आणि सध्याच्या अमेरिकी राजकारणाने या विस्मरणावरच आपली इमारत उभी केली आहे.

याचा पुण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जुना आहे. आज ज्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा आपण अभिमान बाळगतो, ती १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून पुण्यात सुरू झाली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आफ्रिकेत दर काही वर्षांनी उसळणाऱ्या 'ए' गटाच्या मेंदुज्वराला आवर घालण्यासाठी स्वस्त लस हवी होती. ती बनविण्याचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील, म्हणजे सरकारी नोकरीतील, शास्त्रज्ञांनी दिले. जागतिक आरोग्य संघटनेने साथ दिली. आणि लस तयार झाली पुण्यात, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे ती प्रथम दिली गेली आणि ज्या रोगाने आफ्रिकेत हजारो बळी घेतले होते, तो त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. वॉशिंग्टनच्या परिसरातील एक प्रयोगशाळा, हडपसरचा एक कारखाना आणि आफ्रिकेतील लक्षावधी मुले यांना जोडणारा हा धागा कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. तो तुटला तर तिन्ही ठिकाणी तुटतो.

आणि तो तुटल्याची पहिली झळ पुण्याला लगेच बसलीही. तृतीयपंथीयांना उपचार आणि सल्ला देणारी 'मित्र क्लिनिक' ही केंद्रे हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे अमेरिकी मदतीवर चालत होती. जानेवारी २०२५ मध्ये मदत गोठताच तिन्ही केंद्रांचे दरवाजे बंद झाले. ज्यांना सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहतानाही लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात, त्यांच्यासाठी तेवढे एक दार उघडे होते. सात समुद्रांपलीकडील एका सहीने ते बंद झाले, आणि शहराने त्याची फारशी दखलही घेतली नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकी करदात्याने आपला पैसा कोठे खर्च करावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे. परक्याच्या मदतीवर आपल्या नागरिकांचे आरोग्य टांगून ठेवणे हा स्वाभिमानी राष्ट्राचा मार्ग नव्हे, हेही मान्य. जागतिक आरोग्य संघटना निर्दोष आहे, असेही नाही. २०२० मधील तिच्या धिमेपणावर टीका झाली ती अकारण नव्हती. लसीविषयीच्या शंकाही सर्वस्वी निराधार असतात, असे म्हणता येत नाही. १९७६ साली अमेरिकेत 'स्वाइन फ्लू'ची साथ येणार या भीतीने अध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही; मात्र लस घेतलेल्यांत दर लाखामागे सुमारे एकाला गिलन-बारे हा मज्जातंतूंचा विकार अधिक झाल्याचे दिसून आले. तेव्हा काय झाले? आकडे लपविले गेले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोहीम थांबविण्यात आली, नुकसानभरपाई दिली गेली आणि अशा विकारांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था पुढे अधिक कसोशीची झाली. शंकेला उत्तर देण्याची शास्त्राची रीत ही अशी असते. मोजमाप करायचे, चूक कबूल करायची आणि ती सुधारायची. मोजमाप करणाऱ्यांनाच घरी बसविणे ही ती रीत नव्हे. छपरातून पाणी गळते म्हणून कोणी घर पाडून उघड्यावर राहत नाही.

विश्वास गमावला की काय होते, हे पुण्याला कोणी शिकवायला नको. १८९७ सालच्या प्लेगमध्ये रँडसाहेबाच्या अंमलाखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, माणसे उचलून छावण्यांत नेली. हेतू साथ रोखण्याचा होता, पण रीत जुलुमाची होती. लोक रोग्याला लपवू लागले आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची शुश्रूषा करीत होते. एका आजारी मुलाला पाठीवर वाहून आणताना सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच साथीत सार्वजनिक आरोग्याच्या या दोन परी होत्या. एका ठिकाणी सत्ता होती पण विश्वास नव्हता. दुसऱ्या ठिकाणी सत्ता नव्हती, पण लोक आपले माणूस म्हणून आधाराला येत होते. आरोग्याचे कार्य कायद्याने सुरू होत असेल, पण ते टिकते ते या दुसऱ्या भांडवलावर.

मग अमेरिकेला चार शब्द सुनावून आपण निश्चिंत व्हावे काय? येथेच मला खरे सांगावयाचे आहे.

अमेरिकेने १९७६ मध्ये ज्या गिलन-बारे विकाराचा धसका घेतला, तोच विकार जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पुण्यात आला. तो लसीतून आला नव्हता. सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले. तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. काही खासगी शुद्धीकरण केंद्रांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले. २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत सामावून घेतलेल्या गावांचा हा पट्टा. तेथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि शुद्ध पाणी मागाहून यायचे होते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील त्या पहिल्या रुग्णांपैकी एक होते. शासकीय मदतीच्या घोषणा होण्यापूर्वीच खासगी रुग्णालयात घराची शिल्लक संपली होती. वडील वाचले, पुन्हा चालूही लागले. मुलाने मात्र पुढील सत्रात महाविद्यालय सोडले आणि तो कामाला लागला. या कुटुंबाचे नुकसान कोणत्याही साथीच्या आकडेवारीत नोंदले गेलेले नाही.

हिंजवडीची गोष्ट निराळी नाही. येथे जगातील नामांकित कंपन्यांची कार्यालये उभी राहिली ती ग्रामपंचायतींच्या हद्दीत. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण, मारुंजी या गावांवर महानगराचा भार पडला; गावांची साधने मात्र गावाएवढीच राहिली. अमेरिकी रुग्णांच्या विम्याचे दावे रात्रभर जागून तपासणारा तरुण पहाटे घरी येतो, तेव्हा त्याच्या संकुलाच्या दारात टँकर उभा असतो. ते पाणी कोणत्या विहिरीचे, कोणी तपासलेले, हे तो विचारीत नाही आणि त्याला कोणी सांगतही नाही. २०२५ च्या पावसाळ्यात येथील रस्त्यांचे ओढे झाले, त्याची चित्रे सर्वांनी पाहिली. तुंबलेल्या पाण्यामुळे कामावर जाण्यास उशीर झाला, याची ओरड झाली. त्या पाण्यात सांडपाणी किती होते, हा प्रश्न मागे पडला.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम शासनाने आरोग्यावर खर्च करावी, असे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ या वर्षी, म्हणजे कोविडच्या ऐन काळातही, हा खर्च १.८४ टक्क्यांपर्यंतच पोहोचला आणि एकूण आरोग्यखर्चातील सुमारे ३९ टक्के वाटा लोकांनी थेट आपल्या खिशातून भरला. आपल्याकडे लस नाकारण्याची चळवळ मोठी नाही, हे समाधान खरे; पण २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराने बालके दगावली ती लसीकरण मागे पडल्यामुळेच. अमेरिकेने असलेली व्यवस्था मोडली. आपण ती पुरती उभीच केलेली नाही. मरणाऱ्या बालकाच्या दृष्टीने या दोहोंत काही भेद नसतो.

म्हणून मागण्या साध्या आणि जवळच्या असाव्यात. टँकरच्या प्रत्येक उद्भवाची नियमित तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर सर्वांना वाचता येईल असा लागावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांची संख्या आजच्या लोकसंख्येप्रमाणे ठरावी. त्या लोकसंख्येत बांधकामावरील मजुरांची मुलेही मोजली जावीत, कारण लसीकरणातून सर्वांत आधी निसटतात ती तीच. परदेशी मदतीवर चालणारी 'मित्र'सारखी केंद्रे राज्याने आपल्या अंदाजपत्रकात घ्यावीत. यांपैकी कशालाही वॉशिंग्टनची संमती लागत नाही.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या आपल्या वर्गाला ग्रामसभेत जाण्याची सवय नाही. तेथे आपले काय काम, असे आपल्याला वाटते. अमेरिकेच्या अध्यक्षांवर आपले ठाम मत असते; आपल्या सरपंचांचे नाव मात्र आठवावे लागते. मी स्वतःही याला अपवाद नव्हतो. त्या विद्यार्थ्याचे रिकामे बाक पाहिल्यानंतर मी ग्रामसभेस पहिल्यांदा गेलो आणि पाण्याच्या अहवालाची मागणी लेखी नोंदविली. अहवाल अद्याप मिळालेला नाही. पुढील सभेस पुन्हा जाणार आहे. चहाच्या टपरीवर ट्रंप यांच्याविषयी बोलणाऱ्यांपैकी दहा जण जरी सोबत आले, तरी तो अहवाल फलकावर लागण्यास फार दिवस लागणार नाहीत.