दाढ काढण्याआधी

कानशिलाजवळ ठणका लागला की परभणी-जिंतूरकडचा माणूस आधी कान दाखवतो, मग दाढ. दोन्ही ठीक निघाले तरी दुखणे खोटे नसते. ते कानाच्या ऐन पुढ्यातल्या जबड्याच्या सांध्याचे असू शकते. सांधा, दात आणि कानाचा काही भाग यांची खबर ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या शाखा मेंदूकडे नेतात. तिथे निरोपांची सरमिसळ होते आणि दुखण्याचा पत्ता चुकतो. चांगली दाढ उपटली जाते ती अशाच वेळी.

सुजेमुळे नस दुखते, हे सर्वांना ठाऊक असते. नसही सूज वाढवते, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. डिवचलेल्या नसांची टोके 'सबस्टन्स पी' आणि 'सीजीआरपी' ही रसायने सांध्यात सोडतात. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव पाझरतो आणि वाढलेली सूज त्याच नसांना पुन्हा डिवचते. ठेचा खाल्ल्यावर ओठ लाल होऊन चुरचुरतात, तेही बव्हंशी नसांचेच काम. मिरचीचा दाह ओळखणाऱ्या नसेवरच्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) शोधासाठी डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे मानकरी ठरले. सांध्याच्या वेदनावाहक नसांवरही तो ग्राहक असतो.

दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले, की मेंदूच्या देठातल्या पेशीही हळव्या होऊ शकतात. मग सूज ओसरली तरी साधी जांभई सोसत नाही. अशा रुग्णाला 'मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवणे हे अज्ञानच.

उपचारांची दिशा यातूनच ठरते. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि समुपदेशन यांना अग्रक्रम आहे. सांध्यातली चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला स्पष्ट विरोध आहे. संधिवात असेल तर त्याचे औषध अर्थातच वेगळे. गुटख्याने तोंड उघडेनासे होते तो आजारही निराळा. गुटख्यावर २०१२पासून बंदी असूनही तो आजार इथे दिसतो, म्हणून तपासणी हवीच.

ज्वारीच्या मुलखात 'मऊ खा' एवढे सांगून भागत नाही. भाकरी वरणात कुस्करून खा, असे सांगावे लागते. परभणीत दंत महाविद्यालय आहे. तालुक्याच्या दवाखान्यांनी असे रुग्ण तिकडे वेळेवर पाठवावेत आणि वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी महिनोन्‌महिने तशीच पुढे चालवू नये.