ढाल हाती घेताना
‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या डंजनमध्ये पाच जणांत टँक एकच, शत्रूंचा मार त्याने अंगावर घ्यायचा. नवख्यांनी ही भूमिका जरूर घ्यावी. बॉसचं तोंड सोबत्यांपासून दुसरीकडे वळवा, पण स्वतःची पाठ शत्रूकडे करू नका. मागून आलेला वार ढालीने अडत नाही. बचावाची अस्त्रं जीव कंठाशी येईपर्यंत राखून ठेवणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी सवय. मोठ्या घोळक्यात शिरतानाच ती अस्त्रं वापरा, एकेक करून. टॉन्ट, म्हणजे शत्रूला स्वतःकडे वळवणारी चाल, मात्र हीलरकडे (सोबत्यांना बरं करणाऱ्याकडे) धावणाऱ्या शत्रूसाठी जपा. पुढची टोळी अंगावर ओढण्याआधी हीलरचा माना (मंत्रांसाठीची ऊर्जा) बघा, हे विसरूच नका. अनोळखी लोकांसमोर चुकायची धास्ती वाटते? 2024 पासून फॉलोअर डंजन आले आहेत, तिथे सोबतीला संगणकाची पात्रं असतात. सराव आधी तिथे करा.