डबा घरी आला, खेळ कुठे आहे?

परीक्षा संपून सुट्टी लागली की आमच्याकडे पालकांची एकच विचारणा सुरू होते. पोरगा नवा व्हिडिओ गेम मागतो आहे, घ्यावा काय? आम्ही दिवसभर कचेरीत बिले तपासणारे कारकून. पण हा नाद आम्हाला लहानपणापासूनचा आहे, हे वस्तीत एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. तेव्हा या खेपेस २०२५ साली बाजारात आलेल्या मालाविषयी आमचे मत मांडतो. मत आमचे, पैसे तुमचे. हे ध्यानात ठेवून वाचावे.

आधी घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आम्ही भाच्यासाठी काँप्युटरवर खेळायचा एक गेम विकत घेतला. कंपनीचे नाव घेत नाही. डबा मोठा, चित्र झकास. उघडला तर आत डिस्क नाही, चिठ्ठीएवढा कागद आणि त्यावर अंक-अक्षरांची एक ओळ. भाचा म्हणाला, "मामा, खेळ कुठे आहे?" खेळ इंटरनेटवर होता आणि तो पन्नास जीबीचा होता. आमच्या मोबाईलला दिवसाला दीड जीबी मिळते. आम्ही बी.कॉम. असल्याने गणित लगेच केले: चौतीस दिवस, तेही घरात कुणी दुसरे काही पाहिले नाही तर. शेवटी शेजारच्या इमारतीतील एका स्नेह्यांच्या ब्रॉडबँडवर रात्रभर काँप्युटर चालू ठेवून काम भागविले. त्याहून मोठा घोटाळा पुढे झाला. खेळून झाल्यावर भाच्याने तो गेम मित्राला द्यायचे कबूल केले होते. पण कागदावरची ती ओळ एकदा वापरली की संपली. देणार काय? रिकामा डबा?

आमच्या लहानपणी अख्ख्या चाळीत एकाच घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. एक कॅसेट दहा घरची पोरे खेळत. चालेनाशी झाली की फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. आपल्यासारख्या घरांत वस्तू एकट्याची कधी नसते. थोरल्याचे पुस्तक धाकट्याला जाते, मग आत्याच्या मुलीला. म्हणून आम्ही नवीन काहीही पाहिले की आधी एकच प्रश्न विचारतो: हे उद्या दुसऱ्याला देता येईल काय?

आता निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच २ पाहू. ५ जून २०२५ रोजी तो आला आणि पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाखांहून अधिक नग खपले. यंत्र उत्तम आहे, यात शंका नाही. ७.९ इंचांचा पडदा आहे. हातात धरून खेळा अथवा टीव्हीला जोडा. २०१७ च्या जुन्या स्विचचे बहुतेक खेळही त्यावर चालतात. त्या वेळी अमेरिकेत किंमत होती ४४९.९९ डॉलर, म्हणजे त्या महिन्याच्या दराने अडतीस हजारांच्या वर. आपल्याकडे तो बाहेरून आणलेला मिळतो, तेव्हा गॅरंटीचे काय, हे दुकानदाराला लेखी विचारावे. शिवाय साठवणीचे जुने मेमरी कार्ड त्यात खेळांसाठी चालत नाही. नव्या जातीचे, मायक्रोएसडी एक्सप्रेस, घ्यावे लागते. हा खर्च पोरे सांगत नाहीत.

सोबत आलेला 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ. चोवीस जण एकाच शर्यतीत धावतात, घरची सगळी मंडळी हसून लोळतील असा. पण सुटा घेतला तर ७९.९९ डॉलर, जवळजवळ सात हजार रुपये! यंत्रासोबत एकत्र घेतला तर तोच खेळ पन्नास डॉलरला पडत होता. मग ऐंशी डॉलर कशाचे, हे आमच्या खतावणीत बसत नाही.

खरी मेख पुढे आहे. स्विच २ चे काही खेळ 'गेम-की कार्ड' म्हणून विकले जातात. 'स्ट्रीट फायटर ६' त्यांपैकी एक. दुकानात मिळणारे कार्ड हुबेहूब खऱ्या कार्डासारखे दिसते, पण आत खेळ नसतो, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि नंतर खेळताना दर वेळी कार्ड आत घालायचे. न्यायाने सांगितले पाहिजे की हे कार्ड मित्राला देता येते, विकताही येते. आमच्या त्या कागदापेक्षा हे पुष्कळ बरे. मात्र ज्याच्या हाती जाईल त्याला पुन्हा सगळे उतरवावे लागेल, आणि कंपनीने उद्या तो साठा बंद केला तर ती किल्ली कोणत्या कुलपाची? तशी सूचना डब्यावर छापलेली असते, घेण्यापूर्वी वाचावी. उलट 'सायबरपंक २०७७' हा अवाढव्य खेळ पूर्णच्या पूर्ण ६४ जीबीच्या कार्डावर दिला गेला. म्हणजे मनात असले तर जमते. (हा खेळ मोठ्या माणसांचा आहे, मुलांना देऊ नये.)

'साठा बंद' ही आमची कल्पना नव्हे. २०१४ साली युबिसॉफ्टने 'द क्रू' नावाचा मोटारींचा खेळ काढला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही बंद पडला. डिस्क घरात, खेळ गायब! त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातील त्यांच्या अर्जावरील सह्या दहा लाखांपुढे गेल्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला: असा माल 'विकत घ्या' म्हणून विकायचा, तर आपण केवळ परवाना देत आहोत, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. खेळणाऱ्या पोरांनी सह्या जमवून एवढा मुद्दा पुढे रेटला, याचे आम्हाला कौतुक वाटते.

मग घ्यावे काय? आमचे मत विचाराल तर 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या 'टीम चेरी' नावाच्या मूठभर लोकांनी वर्षानुवर्षे राबून केला. ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला, तेव्हा इतकी झुंबड उडाली की इंटरनेटवरची मोठमोठी दुकाने काही काळ ठप्प झाली. किंमत १९.९९ डॉलर, मारिओच्या चौथाई! साध्या काँप्युटरवरही चालतो. 'गॉग' या दुकानातून घेतला तर त्याची फाईल आपल्याजवळ जपून ठेवता येते. पुढे कोणाची परवानगी लागत नाही, नेट नसले तरी अडत नाही. दोष एकच. खेळ भयंकर कठीण आहे. लहान मुले रडकुंडीला येतील.

भाच्याने तो आमच्याच काँप्युटरवर उतरविला आहे. रोज संध्याकाळी अभ्यास आटोपला की तासभर त्याची पाळी, मग जेवणे झाल्यावर आमची. तो बराच पुढे गेला आहे. आम्ही 'मॉस मदर' नावाच्या पहिल्याच राक्षसिणीपाशी गेले आठ दिवस मरतो आहोत.