पोळी आणि टाळी

आम्हां प्राध्यापकांच्या वाट्याला दरवर्षी एक काम हमखास येते. ते म्हणजे परीक्षेतील पर्यवेक्षणाचे. तीन तास मुलांवर नजर ठेवून उभे राहायचे, एवढेच. पण एका वर्षी तेवढेही मला साधले नाही. संस्थेच्या एका चालकांचे चिरंजीव मांडीवर चिठ्ठी ठेवून खुशाल उतरवून काढत होते, आणि मी खिडकीबाहेरचा गुलमोहर न्याहाळत राहिलो!

वाचकहो, ही आठवण परवा निघाली ती चक्क मेंढरांमुळे. आमच्या कन्येने मला एक चित्रफीत दाखवली. ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरातून 'अवासी एक्स्प्रेस' हे जहाज सुमारे ६४ हजार जिवंत मेंढ्या घेऊन आखाताकडे निघाले. तिकडे हिवाळा, इकडे भर उन्हाळा. त्यात अंगावर लोकर. दमट उष्म्याने सुमारे २४०० मेंढ्या वाटेतच मेल्या. जहाजावरच्या एका तरुण पाकिस्तानी अधिकाऱ्याने ते हाल टिपून ठेवले, म्हणून एप्रिल २०१८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या घराघरांत दिसले.

"पण बाबा, जहाजावर जनावरांचा डॉक्टर नसतो का?"

असतो की! सरकारमान्य पशुवैद्य असतो, रोजचा अहवालही जातो. मौज एवढीच, की त्याला नेमणारा आणि मेहनताना देणारा असतो तो निर्यातदार! ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. अशा वैद्याला नावे ठेवायला मात्र माझी जीभ रेटेना. गुलमोहर आडवा आला.

तेथील सरकारने हे दुखणे ओळखले. २०१८ पासून त्याने आपले स्वतःचे निरीक्षक जहाजांवर धाडले. २०१९ मध्ये कायदा करून महानिरीक्षकाचे स्वतंत्र पद निर्माण केले. त्याने नजर ठेवायची ती मेंढ्यांवर नव्हे, तर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यावरच! अखेर २०२४ मध्ये कायदा झाला, की १ मे २०२८ पासून मेंढ्यांची सागरी निर्यातच बंद. गुरांची मात्र चालूच राहायची आहे. म्हणजे पर्यवेक्षकाचे काम काही संपलेले नाही.

कन्येला मी हे सारे समजावून सांगितले. गुलमोहराचे तेवढे सांगितले नाही. ते आज येथे लिहून मोकळा होत आहे. दिवाळी सरली, की पुन्हा परीक्षा आहेत. यंदा खिडकीकडे पाठ करून उभा राहीन म्हणतो.