झिलईची खरी कसोटी

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट रुग्णाला कधीच दिसत नाही. दिसते ती बिलावरची किंमत, आणि चर्चाही तिचीच होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा ठरली. हा निर्णय दिलासा देणारा होता. मात्र स्टेंट शरीरात किती सुरक्षित राहील, हे बऱ्याच अंशी त्याच्या पृष्ठभागावर ठरते आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

स्टेंट म्हणजे लेझरने कापलेली बारीक धातूची जाळी. कापताना कडांवर वितळून थिजलेल्या धातूचे कण आणि टोके उरतात. अशा खरखरीत जागी रक्ताच्या गुठळ्या धरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेच्या उपकरणांवरील खाचांमध्ये रक्त, मळ आणि जंतू अडकून बसतात. यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रोपॉलिशिंग. ही मुलाम्याच्या उलट क्रिया आहे. स्टीलचा भाग फॉस्फरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवून विजेच्या धन टोकाला जोडतात. त्यामुळे धातू चढण्याऐवजी विरघळतो, आणि उंचवटे आधी विरघळतात. निघून जातो तो जेमतेम काही मायक्रॉनांचा थर. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमचे प्रमाण अधिक असलेला ऑक्साइडचा पातळ थर राहतो आणि तो गंज रोखतो.

इथेच खरेदीदाराची फसगत होऊ शकते. कात्री, चिमटा किंवा हाडाची पट्टी बफच्या चाकावर घासूनही आरशासारखी चमकते. पण घासताना धातू ओढला जाऊन बारीक खड्डे झाकले जातात आणि पॉलिशचे कण आत रुततात. ही चमक आणि ती चमक नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते. शिवाय इलेक्ट्रोपॉलिशिंगने खोल तडे बुजत नाहीत, आणि ते जास्त झाले तर जाळीच्या नाजूक तारा झिजतात. म्हणून प्रक्रियेचे नाव पुरेसे नाही, तपासणी हवी.

१ एप्रिल २०२० पासून देशात सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. परवाना पाहून आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून सार्वजनिक रुग्णालयांची जबाबदारी संपत नाही. प्रत्येक खेपेसोबत पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा आणि गंजरोधक चाचणीचा अहवाल मागण्याची अट निविदेतच असावी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेला रुग्ण ही चौकशी करू शकत नाही. ती त्याच्या वतीने रुग्णालयानेच करायला हवी.